भोंग्यातला लोहचुंबक

आमच्या वस्तीच्या खांबावर एक भोंगा होता.
पहाटे पाचला ओरडायचा :
खताचे भाव, लसीची तारीख,
कुणाची तरी हरवलेली म्हैस.
एका वादळात तो मक्यात पडला.
तालुक्याहून नवा आला,
जुना बापाने भंगारात मागून घेतला.

छिन्नीने फोडला. आत निघालं
काळं जड कडं, बांगडीएवढं.
हातातून निसटलं, फरशीवर सात तुकडे.
आई म्हणाली, गेलं.
बाप म्हणाला, सात झाले.

म्येओ वाकच्या घाटाखाली, वळणावर आमचं दुकान.
इथे येणाऱ्या सात गाड्यांच्या पोटाखाली,
तेलाच्या बोल्टच्या डोक्यावर,
भोंग्याचा एकेक तुकडा चिकटलेला आहे.
इंजिनाचं अंग ॲल्युमिनियमचं, ते त्याला ओळख देत नाही.
बोल्ट पोलादी, तो लगेच आपला म्हणतो,
आणि आतल्या टोकाला, अंधारात, तेलात,
जे जे लोखंडी झिजून सुटतं ते धरून ठेवतो.

मी चार वर्षं बाक निन्यच्या कारखान्यात
फोनचे स्पीकर जोडत होते,
प्रत्येकात मिरीच्या दाण्याएवढा लोहचुंबक.
एकही बोलताना ऐकला नाही.
परत आले तेव्हा बापाने काही विचारलं नाही,
पान्हा हातात दिला.

तेल काढायचं गाडी गरम असताना.
बोल्ट शेवटच्या आट्यांवर बोटांनी फिरवायचा,
भाजतं, पण बोटांनीच.
टोकाला राखाडी लोणी जमलेलं असतं.
ते चिमटीत चोळून बाप सांगतो :
मऊ लागलं तर नुसतं वय.
टोचलं तर कुणीतरी तुटतंय.

लुआची जुनी होंडा आली भाताची लावणी संपताना.
कुठे जातोस एवढा, बापाने विचारलं.
कुठे नाही. रविवारचा बाजार, बस.
किलोमीटरच्या काट्याची तार कधीच तुटलेली,
तेव्हा काटा साक्षीला नव्हता.
बोल्टवर मात्र अंगठ्याएवढं लोणी,
दोन महिन्यांत सहा महिन्यांचं,
आणि त्यात एक कपची, नखाच्या कोरीसारखी :
दुसऱ्या गिअरचा दात.
उतारावर, ओझं घेऊन, दुसऱ्यात.

मागच्या सीटवर गोधडीची घडी होती,
सायकलच्या ट्यूबने चारी बाजूंनी बांधलेली.
मक्याची पोती गोधडीवर बसत नाहीत.
लुआची बायको बाजारात दिसून
किती दिवस झाले, ते मी मनात मोजलं.
जिल्ह्याचं इस्पितळ दीडशे किलोमीटर.

बापाने तेल कापडातून गाळलं,
आजीने विणलेल्या भांगेच्या जाड कापडातून.
उन्हात धरलं तर काही कण चमकले, पिवळे.
हे काय, लुआने विचारलं.
पितळ, बाप म्हणाला. ह्याला लोहचुंबक कितीही बोलाव,
येत नाही. ते असं उजेडात बघावं लागतं.
मग दोघं बराच वेळ
त्या कापडाकडेच बघत राहिले.

वाईट आहे का?
मका कापेपर्यंत चालेल. मग उघडू.
घाटात पहिल्यात उतर. घाई असली तरी.

पैसे फक्त तेलाचे घेतले.
बोल्ट पुसला, तुकडा पुन्हा बसवला,
गोधडीच्या एका गाठीला हात लावून पाहिला, घट्ट होती.
कपची त्याने औषधाच्या बाटलीत टाकली.
अशा बाटल्या आमच्या फळीवर रांगेने आहेत,
प्रत्येकीवर गाडीवाल्याचं नाव.
हिच्यावर नाव नाही. तारीख आहे.

मंगळवारी पाचला नवा भोंगा सुरू झाला :
डुकरांचा रोग, वीज जाणार दुपारी.
त्याच्याखालून, धुक्यातून, लुआची गाडी घाट उतरत होती.
बाप चुलीपुढे बसला होता, वाटी तोंडाशी नेलेली,
आणि भोंग्याकडे लक्ष नव्हतं त्याचं.
वळणावर आवाज रुंद झाला,
जड, सावकाश, अडून अडून.

पहिल्यात आहे, मी म्हणाले.
त्याने हाताने गप्प केलं.
न्यो क्वे नदीच्या पुलापर्यंत
त्याला ऐकायचं होतं.